इनोव्हेशन ट्रॅक, मुक्काम बमरोली

ध्वनिसंभाषणाच्या तंत्रविद्येवर भरणाऱ्या प्रत्येक परिषदेत एक 'इनोव्हेशन ट्रॅक' असावा लागतो. आणि तो असावा लागतो याचाच अर्थ असा, की उरलेल्या सर्व ट्रॅकांत नवे काहीही सांगितले जाणार नाही हे संयोजकांनी आगाऊ कबूल केलेले असते. या विभागाची आखणी करणाऱ्या समितीच्या कामाचा शिरस्ता ठरलेला आहे. प्रथम निबंध मागविणारा जाहीरनामा निघतो, त्यात अपूर्व कल्पनांचे हार्दिक स्वागत होईल असे आश्वासन असते, आणि त्याच जाहीरनाम्याच्या पाठीमागे सुवर्ण-प्रायोजकास वीस मिनिटे, रौप्य-प्रायोजकास दहा मिनिटे आणि ज्याच्यापाशी निव्वळ कल्पनाच आहे अशा इसमास जेवणाच्या घंटेपूर्वीची पाच मिनिटे, असा दरांचा तक्ता छापलेला असतो. पुढे परिसंवादात चार विद्वान एकमेकांशी संपूर्ण सहमत होतात, पाचव्याचा ध्वनिक्षेपक चालत नाही, आणि ध्वनिसंभाषणाच्या प्रगतीवरील ते सत्र 'हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का?' या प्रश्नातच समाप्त होते.

माझी नम्र तजवीज अशी, की पुढील खेपेस हा विभाग पंचतारांकित दिवाणखान्यात न भरविता सुरत शहरातील, उधना-पांडेसऱ्याच्या शेजारच्या बमरोली येथे भरवावा. प्रायोजकांनी बिचकण्याचे कारण नाही. जगातील बहुतेक हिऱ्यांना ज्या शहरात पैलू पडतात तेथे सुवर्ण आणि रौप्य यांच्यावर हीरक-प्रायोजकाची श्रेणी काढणे मुळीच जड जाणार नाही. मराठी वाचकासही हा मुलूख परका नाही. 1664 आणि 1670 या साली आपण तेथे कोणत्या कार्यासाठी गेलो होतो हे शाळेत शिकविले जाते. सांप्रत आपली माणसे भुसावळ-सुरत मार्गाच्या गाडीत अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार येथे चढून उधन्यास उतरतात ती मीटरच्या हिशेबाने मजुरी घेण्यासाठी, आणि त्या व्यवहारात कोण कोणास लुटतो याविषयी बखरकारांनी अद्याप लेखणी उचललेली नाही.

बीजभाषण यंत्रमागांच्या खात्यात व्हावे. तेथे कारखान्याला खाते म्हणतात. पत्र्याच्या छपराखाली रांगेने उभे असलेले माग एकसमयावच्छेदेकरून खडखडू लागले म्हणजे शेजारच्या माणसाच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले तरी ओठांच्या हालचालीपलीकडे काही पोहोचत नाही. कायद्याने आठ तासांसाठी 90 डेसिबलची मर्यादा घातली आहे. परंतु मागांना कायदा वाचता येत नाही, आणि पाळी बहुधा बारा तासांची असते. ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातून आलेला, उत्तर प्रदेशातून आलेला आणि धुळ्याकडून आलेला असे तीन कारागीर, ज्यांना एकमेकांची भाषा धड येत नाही, ते या गदारोळात धागा तुटला, बाबिन संपली, ताका उतरवा, इतके सर्व बोटांनी आणि भुवयांनी सांगून मोकळे होतात. संभाषण सुरळीत वाटावयाचे तर ध्वनीने पलीकडे पोहोचण्यास 150 मिलिसेकंदांहून अधिक वेळ घेऊ नये असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचे मानक सांगते. 'शेठ आला' ही खूण खात्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्या मर्यादेच्या आतच जात असावी, असा माझा अदमास आहे.

परंतु या विद्येवर निबंध स्वीकारला जाणार नाही, हे मी जाणून आहे. गरिबाची युक्ती ही युक्तीच राहते. तिचा नवोन्मेष होण्यासाठी मध्ये कोणीतरी खरेदीदार यावा लागतो. मिस्ड कॉलचीच हकीकत घ्या. 31 जुलै 1995 रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना या देशातला पहिला मोबाइल फोन लावला, तेव्हा मिनिटाचा दर 16 रुपयांच्या घरात होता आणि ऐकणाऱ्यालाही पैसे पडत. येणारा फोन 2003 साली फुकट झाला. ग्रॅहॅम बेलने 1876 साली बोलण्यासाठी निर्माण केलेले हे यंत्र न बोलण्यासाठी कसे वापरावे, हा शोध मात्र आमच्या रिकाम्या खिशांनी लाविला: एक घंटा म्हणजे गाडी पोहोचली, दोन म्हणजे तू फोन कर, तीन म्हणजे पैसे आताच पाठव. ज्या संभाषणात ध्वनी नाही, शब्द नाही आणि बिलही नाही, तरी अर्थ संपूर्ण आहे, त्याहून प्रगत असे काही मला तरी ठाऊक नाही. पण या विद्येला सभामंचावर खुर्ची केव्हा मिळाली? बंगळुरूच्या झिपडायल नामक कंपनीने मिस्ड कॉलवर जाहिरातीचा धंदा उभारला आणि जानेवारी 2015 मध्ये अमेरिकेच्या ट्विटरने ती कंपनी विकत घेतली, तेव्हा!

सी-डॉटचे ग्रामीण एक्स्चेंज आज परीक्षकांसमोर आले असते तर त्याचीही गत फारशी निराळी झाली नसती. 1984 साली स्थापन झालेल्या या सरकारी संस्थेने धुळीत आणि उन्हात, वातानुकूलनावाचून चालणारे 128 जोडण्यांचे यंत्र तयार करून 1986 मध्ये कर्नाटकातील कित्तूरला बसविले. परीक्षकांनी प्रश्न केला असता, 'पण यात व्यत्ययकारी असे काय आहे?' आणि संशोधकाला खरे उत्तर द्यावे लागले असते, की यात व्यत्यय येत नाही, हेच.

या वर्षीचा बहुमान अर्थातच बोलके यंत्र घेऊन जाईल. त्यास माझी हरकत नाही. एक चाचणी मात्र बमरोलीतच व्हावी. जुन्या टेलिफोनच्या तारेने मनुष्याच्या आवाजातील सुमारे 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच पट्टा मंजूर केला होता, बाकीचा नामंजूर. तरीही पलीकडे कोण बोलतो आहे आणि तो काय मागतो आहे, हे गावातल्या आईला नेमके कळत असे. आता संपूर्ण आवाज दाखल करून घेणारे यंत्र आले आहे. सरकारने 2022 साली सुरू केलेली 'भाषिणी' ही भाषांतर-यंत्रणा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील 22 भाषांसाठी झटते. जनगणनेने अहिराणी जिच्या पोटात मोजली ती खानदेशी 2011 साली 18 लाखांहून अधिक लोकांची मातृभाषा होती, पण अनुसूचीत ती नाही. तेव्हा बारा तासांची पाळी संपवून, कानात अजून माग चालू असलेला एखादा खानदेशी कारागीर आवश्यकतेपेक्षा मोठ्याने, अहिराणीत, कापून घेतलेल्या पगाराची तक्रार त्या यंत्रापाशी नोंदवील, आणि यंत्र अत्यंत अदबीने म्हणेल, 'क्षमस्व, मला समजले नाही.' शेठही हेच म्हणतात. त्यांना त्यासाठी संगणक लागत नाही.

निबंध पाठविण्याची मुदत नाही, प्रवेशशुल्क नाही, गळ्यात लटकविण्याची पट्टीही नाही. प्रतिनिधींनी कानात घालावयाचे बोळे मात्र घरूनच आणावेत. बमरोलीच्या मागांवर मुख्यतः पॉलिएस्टर विणले जाते, तेथे कापूस मिळण्याची खात्री नाही.