आडनावाची नाडी

विलायतेला निघालेल्या डॉक्टर-नर्सना निरोप देताना आपल्याकडे मेतकूट, भाजणी, कुकरची जादा शिटी असं सगळं बांधून देतात. उपयोगाचा सल्ला मात्र कुणी देत नाही. ती उणीव हे सदर आज भरून काढत आहे. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, वर्णद्वेष नाही, हे विमान सुटायच्या आधी पाठ करून घ्या. तिथे वर्णद्वेषाविरुद्धचं धोरण आहे. ज्या घराच्या फडताळात उंदरांचं औषध ठेवलेलं आहे, त्या घरात उंदीर असतीलच कसे?

थोडा इतिहासही माहीत असलेला बरा. ही सेवा ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली. त्याच्या दोनच आठवडे आधी ‘एम्पायर विंडरश’ हे जहाज कॅरिबियन बेटांवरची माणसं घेऊन टिलबरीच्या धक्क्याला लागलं होतं. म्हणजे सेवा आणि तिच्यात राबणारे हात जवळपास एकाच महिन्यात अवतरले. तरीही हात कमीच पडत गेले. १९६० ते १९६३ या काळात आरोग्यमंत्री होते एनॉक पॉवेल. त्यांच्या कारकिर्दीत भारत-पाकिस्तानातल्या डॉक्टरांनी ब्रिटनच्या रुग्णालयांचे वॉर्ड सांभाळले. याच पॉवेलसाहेबांनी २० एप्रिल १९६८ रोजी बर्मिंगहॅममध्ये भाषण केलं, की ही बाहेरची माणसं अशीच येत राहिली तर नदी रक्तानं फेसाळेल. आरोग्यखात्याचा अनुभव गाठीशी असल्यामुळेच रक्ताची उपमा सुचली असावी. बाकी आलेल्या डॉक्टरांची सोय चोख लावली होती. वृद्धांचे वॉर्ड, मनोरुग्णालयं, वेल्समधल्या कोळसा खाणींच्या वस्त्या, जिथे स्थानिक डॉक्टर जायला राजी नसत, तिथे आपल्या लोकांना मुक्तद्वार होतं. लंडनच्या नामांकित रुग्णालयात हृदयावर शस्त्रक्रिया करायची इच्छा धरणं हा अर्थात उतावीळपणा.

कुणी म्हणेल, हे जुनं झालं. मग अनीस इस्माईल आणि सॅम एव्हरिंग्टन या दोन डॉक्टरांचं ऐका. अर्जावरचं नाव पाहूनच उमेदवाराची परीक्षा होते, अशी शंका त्यांना आली. त्यांनी काल्पनिक उमेदवारांचे अर्ज तयार केले. शिक्षण ब्रिटनमधलंच, अनुभव सारखा, वय सारखं. फक्त निम्म्यांची नावं इंग्रजी आणि निम्म्यांची आशियाई. २३ जागांसाठी हे अर्ज गेले आणि इंग्रजी नावाला मुलाखतीचं बोलावणं येण्याची शक्यता दुप्पट निघाली. व्यवस्थेनं या संशोधनाची दखल इतक्या तातडीनं घेतली, की ते पुरं होण्याआधीच पोलिसांनी दोघांना अटक केली. आरोप असा, की खोटे अर्ज करून फसवणूक केली. नाव वाचून अर्ज बाजूला सारणाऱ्यांना कुणी अटक केल्याचं ऐकिवात नाही, कारण त्यांनी खोटं काहीच लिहिलं नव्हतं. अभ्यास १९९३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. १९९७ मध्ये या दोघांनी पुन्हा तोच उद्योग केला. तफावत घटली होती, गेली नव्हती. एव्हरिंग्टन यांना पुढे ‘सर’ हा किताब मिळाला. आधी कोठडी, मग किताब, हा क्रम मला फार आवडला.

माणसांवर भरवसा नसेल, तर यंत्राला विचारा. लंडनच्या सेंट जॉर्जेस वैद्यकीय महाविद्यालयात ऐंशीच्या दशकात प्रवेशाचे अर्ज चाळायला संगणकाचा कार्यक्रम लिहिला होता. हेतू उदात्त होता: निवड करणाऱ्या प्राध्यापकांचा वेळ वाचावा आणि निर्णयही त्यांच्यासारखाच व्हावा. तो तंतोतंत त्यांच्यासारखाच होऊ लागला, शंभरातल्या नव्वदांहून अधिक वेळा. म्हणजे नाव युरोपीय नसलं की गुण कापायचे, बाई असली की थोडे आणखी कापायचे. महाविद्यालयातल्याच दोघा अध्यापकांनी हे उघड केलं आणि १९८८ मध्ये वांशिक समता आयोगानं महाविद्यालयाला दोषी धरलं. गंमत अशी, की लंडनच्या इतर बऱ्याच महाविद्यालयांपेक्षा सेंट जॉर्जेसमध्ये अल्पसंख्याक विद्यार्थी जास्त होते. बाकीच्यांचा पक्षपात डोक्यात होता, कागदावर नव्हता, म्हणून ते सुटले. संगणक बिचारा अडकला, कारण त्याला ‘माझ्या मनात तसं काही नव्हतं’ असं म्हणता येत नाही.

हे वाक्य तुम्हीही कान देऊन शिका, रोज ऐकावं लागेल. समजा, तुम्ही वॉर्डात गेलात. खाटेवरचे आजोबा विचारतात, ‘मूळचे कुठले?’

‘लेस्टरचा.’

‘तसं नव्हे. मूळचे?’

‘पुण्याचा.’

‘त्याच्याही आधी?’

‘सदाशिव पेठ.’

आजोबांचं समाधान होत नाही. ते सिस्टरला बोलावून हळूच सांगतात की इंग्रज डॉक्टर असेल तर बरं. सिस्टर सौजन्याची पुतळी. ती रोस्टरमध्ये किंचित फेरफार करते आणि तुम्हाला शेजारच्या वॉर्डात पाठवते. तुमच्या कानावर येतं की आजोबा वेगळ्या काळात वाढले आहेत. यात कुणीही कुणाचा अपमान केलेला नसतो, फक्त वेळापत्रक बदललेलं असतं. २०२० मध्ये सरकारनं नियम केला, की जिवावर बेतलेलं नसेल तर वर्णद्वेषी वागणाऱ्या रुग्णाला उपचार नाकारता येतील. नियम उत्तम आहे. तो आजोबांना वाचून कोण दाखवणार, एवढाच प्रश्न उरतो.

इथे आपल्या मंडळींची एक अडचण कबूल केली पाहिजे. ‘मूळचे कुठले’ हा प्रश्न आपल्याला नवा नाही. तोच प्रश्न आपल्याकडे नव्या निवासी डॉक्टरला पहिल्या दिवशी विचारतात आणि उत्तर आडनावावरून आधीच ओळखलेलं असतं. कुणाला प्रवेश कुठल्या यादीतून मिळाला, हे वॉर्डात उघड बोलणारा सीनिअर लंडनला पोहोचल्यावर मात्र पहिल्याच आठवड्यात मानवी हक्कांचा अभ्यासक होतो. आडनावाची नाडी पाहण्यात इतका हातखंडा असलेल्या माणसाला स्वतःचं मनगट दुसऱ्याच्या हातात गेलं की लागतं. लागावंच. पण मग त्याच्या तक्रारीच्या मसुद्यात पहिली ओळ कोणती असावी, हे त्यानं एकदा ठरवलं पाहिजे.

आता तक्रारीकडे येऊ. तक्रार केल्यावर पहिली चौकशी तुमच्या स्वभावाची होते. तुम्ही ‘टीम प्लेयर’ आहात का, घरी सगळं ठीक आहे का, इंग्रजीतले बारकावे निसटले का. ज्यानं शेरा मारला, त्याला विनोद करायचा होता. ज्यानं तो ऐकला, त्याला विनोदबुद्धी नव्हती. मग सर्वांसाठी ऑनलाइन प्रशिक्षण निघतं, नकळत होणाऱ्या पूर्वग्रहांविषयीचं. शेरा मारणारा ते चहा पिता पिता संपवतो आणि प्रमाणपत्र छापून घेतो. आता तो कागदोपत्री पूर्वग्रहमुक्त. प्रमाणपत्र नसलेले फक्त तुम्हीच, कारण त्या दिवशी तुमची रात्रपाळी होती.

सौजन्याचा खरा कळस वेगळाच आहे. मालकसंस्थांकडून डॉक्टरांचे परवाने देणाऱ्या जनरल मेडिकल कौन्सिलकडे डॉक्टरांची नावं चौकशीसाठी जातात, त्यात गोऱ्या डॉक्टरांच्या तुलनेत अल्पसंख्याक डॉक्टरांचं प्रमाण जवळपास दुप्पट. याचं कारण शोधणारा अहवाल २०१९ मध्ये आला. एक कारण असं निघालं, की वेगळ्या वंशाच्या डॉक्टरला तोंडावर चूक सांगणं काही वरिष्ठांना अवघड जातं. म्हणजे काय, तर ‘अहो, हे इंजेक्शन असं नाही, तसं लिहा’ हे मंगळवारी सांगायला संकोच वाटतो. आणि परवाना पणाला लावणारं पत्र पाठवायला वाटत नाही. इतकी हळुवार माणसं आमच्या तालुक्याच्या रुग्णालयात नाहीत. आमच्याकडे सिस्टर सगळ्या वॉर्डासमोर झापते आणि दुपारी डब्यातली भाजी देते.

नर्सची कथा याहून थोडक्यात सांगता येते. इथे दहा-बारा वर्षं अतिदक्षता विभाग सांभाळून गेलेली सिस्टर तिथे परीक्षा देऊन ‘बँड पाच’ला, म्हणजे नवख्या नर्सच्या पगारश्रेणीत लागते, कालच पदवी घेतलेल्या मुलीच्या शेजारी. पुढे ती त्या मुलीला काम शिकवते. त्यानंतर ती मुलगी वरच्या बँड सहाला जाते आणि हिचा रोस्टर लावते. शिवाय ज्या सेवेत ती रात्रपाळ्या करायची, तीच वापरण्यासाठी तिला वर्षाला ४०० पौंड अधिभार भरावा लागे. करोना आला, गुरुवारी रात्री आठ वाजता सगळा देश दारात उभा राहून तिच्यासाठी टाळ्या वाजवू लागला, तेव्हा मे २०२० मध्ये कुठे तो अधिभार तिच्यापुरता माफ करायचं ठरलं. त्या साथीत बळी गेलेले ब्रिटनमधले पहिले दहा डॉक्टर सगळेच्या सगळे अल्पसंख्याक समाजांतले होते. त्यांच्याबाबत बढतीचा प्रश्न आपोआप मिटला.

मोजमाप करण्यात मात्र इंग्रजांचा हात धरणारा कुणी नाही. संशोधक रॉजर क्लाइन यांच्या २०१४ च्या अहवालाच्या नावातच एनएचएसच्या शिखरांना बर्फासारखी पांढरी म्हटलं होतं. तेव्हा ठरलं, की दरवर्षी मोजायचं. २०१५ पासून इंग्लंडमधल्या रुग्णालयांना वांशिक समतेचे आकडे द्यावे लागतात. छाननीतून निवडल्या गेलेल्या उमेदवारांमध्ये गोऱ्याला नोकरी मिळण्याची शक्यता इतरांच्या दीडपटीच्या आसपास असते, असं पहिल्या वर्षांत दिसलं. अलीकडच्या वर्षांतही दीडपटीच्याच आसपास दिसतं. मोजपट्टी उत्तम चालते आहे, याचा यापेक्षा भक्कम पुरावा कोणता?

ऑगस्ट २०२४ मध्ये इंग्लंडात स्थलांतरितांविरुद्ध दंगली उसळल्या, तेव्हा संडरलंडमध्ये दोन फिलिपिनो नर्सच्या गाडीवर जमावानं हल्ला केला. त्या तातडीच्या पाळीसाठी रुग्णालयात निघाल्या होत्या. दंगलीत जखमी होणाऱ्यांना टाके घालायलाही कुणी तरी लागणारच होतं.

तेव्हा सामान बांधताना एक वहीही ठेवा. कोण, काय, कधी, कुणासमोर बोललं, ते त्याच दिवशी लिहा. संघटनेचं सभासदत्व पहिल्याच पगारातून घ्या. रोजगार न्यायाधिकरणात भेदभावाचा दावा दाखल करायची मुदत वर्षानुवर्षं तीन महिने वजा एक दिवस अशी राहिली आहे. रुग्णालयाच्या अंतर्गत चौकशीला सहज याहून जास्त काळ लागतो आणि समितीचे अध्यक्ष दर भेटीत सांगतात, घाई करू नका, आम्ही हे फार गांभीर्यानं घेत आहोत. ते घेऊ देत. तुम्ही मुदतीची तारीख कॅलेंडरवर लाल शाईनं लिहा.