अप्पांचा उतार

‘तुम्हाला योग्य वाटेल तसं करा’ असं मिस्त्रीला सांगून पेपर उघडणारी माणसं सुखी. आमच्या बिल्डिंगमधले अप्पा त्यांतले नव्हेत. टिटवाळा लोकलमध्ये उभी हयात उभ्यानेच काढून ते निवृत्त झाले आणि महिन्याभरात त्यांनी स्वतःच्या बाथरूमवर छिन्नी चालवली.

अप्पा पैशासाठी हे करतात, असा बिल्डिंगमध्ये समज आहे. तो चुकीचा आहे. मजुरीत वाचले असते त्याहून जास्त त्यांनी हत्यारांत घातले. टाइल कटर, दोन मापांच्या थाप्या, ओळंबा, गुण्या, रबरी हातोडा आणि ‘पुढेमागे लागेल’ म्हणून घेतलेलं ड्रिल मशीन. खरं दुखणं निराळं. कानामागे पेन्सिल खोचलेला मिस्त्री उकिडवा बसून, मान वर न करता ‘साहेब, असं होत नाही’ म्हणतो, ते त्यांना सोसत नाही. ऑफिसात जन्मभर हेच तर ऐकलं.

कमोड त्यांनी कल्याणहून लोकलच्या मालडब्यातून आणला. शहाड, आंबिवली, टिटवाळा; तीनच तर स्टेशनं, टेम्पो कशाला? गर्दीत अप्पा त्याला दोन्ही हातांनी कवटाळून उभे. पाटीवर टेकलेल्या भाजीवालीने एकदा कमोडकडे आणि एकदा अप्पांकडे पाहिलं. ‘काका, एवढी चांगली बैठक घरची आणलीत, मग उभे का?’

ज्ञानात मात्र खोट नाही. टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेनेच गुंडाळायची, नाहीतर नळ फिरवताना ती सुटून येते. नहाणी ट्रॅपमध्ये पाणी राहायलाच हवं, तेच गटाराचा वास अडवतं. फरशीला मीटरमागे साधारण एक सेंटिमीटर उतार. हे सगळं अप्पा तुम्हाला जिन्यात गाठून सांगतील, तुमच्या हातात दुधाची पिशवी असली तरी.

गाडी अडली ती लेव्हलला. गवंडी त्यासाठी पारदर्शक नळी वापरतात. नळीत पाणी भरायचं, दोन टोकं दोन भिंतींना धरायची, दोन्हीकडे पाणी एकाच उंचीवर थांबतं तिथे खुणा करायच्या. फक्त दुसरं टोक धरायला माणूस लागतो. अप्पांनी काकूंना हाक मारली.

‘अंगठा काढ!’

‘काढला.’

‘अगं, मी सांगेन तेव्हा!’

‘अहो, फोडणी करपतेय. आणि या नळीत मध्ये फुगा दिसतोय.’

‘त्याने काही होत नाही,’ म्हणत अप्पांनी ठसठशीत खूण ओढली. नळीत हवेचा फुगा अडकला की दोन्हीकडची पातळी जुळत नाही, हे बिगाऱ्याच्या पोरालाही ठाऊक असतं. उतार झाला, झोकात झाला, पण ट्रॅपकडे नाही, दाराकडे.

कोबा घातल्यावर, टाइल्स बसवण्याआधी, ट्रॅपचं तोंड बंद करून पाणी तुंबवून ठेवायचं, कुठे मुरतं का ते बघायचं. अप्पांनी रीतसर दोन दिवस ठेवलं. आम्ही त्यांच्या बरोबर खाली राहतो, त्यामुळे निकाल आम्हाला आधी कळला. स्वयंपाकघराच्या छताला फुगवटा धरला तसा मी वर गेलो. अप्पा खुश. ‘म्हणजे टेस्ट बरोबर झाली म्हणायची!’ आणि वरून त्यांनी टाइल्स बसवल्या.

मग आली अंगारकी. टिटवाळ्यात घर असलेल्याला त्या दिवशी पाहुणे चुकत नाहीत. महागणपतीची रांग आदल्या रात्रीपासूनच लागते, आणि रांगेआधी आंघोळीला विरारपासून बदलापूरपर्यंतचे नातेवाईक अप्पांकडे. अप्पा बाहेर खुर्ची टाकून बसलेले. ‘उजव्या कोपऱ्यात उभे राहा! पाणी हळू! तांब्या झाला की वायपर, तांब्या झाला की वायपर!’ मेहुणे ओलेत्याने बाहेर आले ते हॉलमधल्या पाण्यातूनच. ‘भाऊजी, काळू नदी इथवर आणलीत, बरं केलंत.’ अप्पांनी त्यांना उंबरा उंच करण्याची योजना समजावून दिली.

शेवटी सेक्रेटरींनी नोटीस धाडली. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाथरूमची गळती ज्याची त्याने निस्तरायची असते. मी एका मिस्त्रीला घेऊन वर गेलो. तो उकिडवा बसला, टाइलवर बोटाने टकटक केली, तांब्याभर पाणी ओतलं आणि ते आपल्या चपलांकडे येताना शांतपणे पाहिलं. मग प्रत्येक मिस्त्री प्रत्येक घरात विचारतो तेच त्याने विचारलं, ‘हे काम कोणी केलंय?’

अप्पांनी डोळ्याची पापणीही लववली नाही. ‘होता एक. अर्ध्यावर टाकून पळाला. लेव्हलमधलं काही कळतच नव्हतं त्याला.’

‘जेवायला मात्र,’ काकू आतून म्हणाल्या, ‘दोन्ही वेळेला इथेच असायचा.’