सहा सेकंदांची हौस

आंबागडच्या वाटेवर वेगमर्यादा सरकार ठरवत नाही, म्हशी ठरवतात. भंडारा जिल्ह्यातलं तुमसर सोडलं की गडाचा पायथा बारा-तेरा किलोमीटर. तेवढ्यात धानाच्या बांध्या, दोन-चार बोड्या म्हणजे लहान तळी, खाणीचे ट्रक आणि वस्ती आली की ब्रेकर. हंगामात अर्ध्या रस्त्यावर धान वाळत असतं आणि उरलेल्या अर्ध्यावर त्याची राखण करणारी आजी बसलेली असते. तिला हॉर्न वाजवून दाखवा, मग कळेल इथं कोणाला बाजूला व्हावं लागतं ते.

अशा मुलखात दिवाळीला पुण्याहून भाचा आला आणि फोनवरचा फोटो पुढं करत म्हणाला, "मामाजी, ही घेतो म्हणतो."

फोटोत लालभडक, चपटी, नाकाशी खाली झुकलेली गाडी. दिसायला देखणी, यात वाद नाही.

"बसतात किती?"

"दोघं."

"अन् तुझी आई?"

तो गप्प. मग म्हणाला, "मामाजी, स्पोर्ट्स कार आहे. सेकंडहँड मिळते आहे, स्वस्तात."

स्वस्तात हा शब्द ऐकला की माझी झोप उडते. गाडीचं नाव डीसी अवंती. आता आठवत नसेल, पण 2012 च्या दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत ती आली तेव्हा गर्दी आवरत नव्हती. मुंबईचे दिलीप छाब्रिया, गाड्यांना नवं रूप देण्यात ज्यांचं नाव देशभर झालेलं, त्यांनी अख्खी गाडीच घडवली होती. भारताची पहिली स्पोर्ट्स कार म्हणून तिचा गाजावाजा झाला. 1998 मध्ये सॅन स्टॉर्म नावाची दोन आसनांची छोटी गाडी याच देशात येऊन गेली होती, पण तिला कोण विचारतो? आपल्याकडे 'पहिला' हा मान जन्मावर नाही, जाहिरातीवर मिळतो.

दर्शन 2012 ला, विक्री 2015 ला. तीन वर्षं फक्त मुखदर्शन. किंमत तेव्हा साधारण 36 लाख, तीही रस्त्यावर यायच्या आधीची. आत रेनोचं दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, ताकद 250 अश्वशक्ती. आणि दावा असा की शून्यावरून शंभरावर सहा सेकंदांत.

आता हे सहा सेकंद आपण आंबागडच्या रस्त्यावर नेऊ. अशा रस्त्यांवर मोटारीला केंद्राची कमाल मर्यादा ताशी 70. त्या दाव्याच्या हिशोबानं ही गाडी सुमारे चार सेकंदांत सत्तर गाठते आणि तोवर चाळीसेक मीटर पुढं गेलेली असते. म्हणजे किल्ली फिरवल्यापासून चाळीस मीटरवर कायदा संपला. पुढचा सगळा प्रवास ब्रेकवर पाय ठेवून. बरं, समृद्धी महामार्गावर न्यायची म्हटली तर तिथं मर्यादा 120. तिथं दोन-तीन सेकंद जास्त मिळतील. 36 लाख देऊन माणूस काय विकत घेतो? तर दोन-तीन सेकंद. ते सेकंद संपले की त्याच रांगेत उभं राहायचं, ज्या रांगेत पुढं एसटी आहे आणि मागं उसाची ट्रॉली.

आमच्या शेजाऱ्याकडे पटाची बैलजोडी आहे. शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, आमच्या झाडीपट्टीचं वेड. लाखनीचा पट म्हटला की माणसं घरचं लग्न पुढं ढकलतील. भाच्यानं त्यालाही फोटो दाखवला. शेजाऱ्यानं चष्मा वर करून पाहिला आणि एवढंच म्हटलं, "भाऊ, बैल पटावर पाहाचा, बाजारात नाही."

माझ्या मते गाड्यांवर आजवर झालेलं सर्वांत नेमकं परीक्षण हेच. पटावर जोडी सुटते तेव्हा घड्याळ पंचाच्या हातात असतं, मालकाच्या नाही. हजारो लोक दोन्ही बाजूंना उभे असतात. जोडी पळाली तर पळाली, बुजली तर बुजली. "आमच्या बैलाचा दावा सहा सेकंदांचा आहे" असं छापील पत्रक वाटून कोणी बक्षीस नेलं नाही. गाडीच्या बाबतीत मात्र उलटं. धाव कागदावर होते, टाळ्या मंडपात पडतात आणि पैसे आधी भरायचे असतात.

बरं, धावेचं सोडा. खर्चाचं बोलू, आधी नव्या गाडीच्या. आमच्याकडे रुपयांत बोललं की कोणाला काही कळत नाही, धानात बोललं की लगेच कळतं. 2025-26 च्या हंगामात साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला 2,369 रुपये. 36 लाख म्हणजे 1,520 क्विंटल धान. एकरी 15 क्विंटल धरले तर शंभर एकरांचं पीक. तेही खत, बियाणं, मजुरी, किडा, अवकाळी यांनी एक दाणाही न खाता. एवढं धान विकून दोन माणसांची बसायची सोय झाली.

थांबा, अजून गाडी रस्त्यावर आलेली नाही. वीस लाखांपुढच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात एकरकमी कर 13 टक्के. 36 लाखांवर 4 लाख 68 हजार. म्हणजे आणखी सुमारे 200 क्विंटल. यात समजा 30 लाखांचं कर्ज काढलं, 9 टक्क्यांनी, सात वर्षांसाठी. महिन्याचा हप्ता 48 हजारांवर जातो. वीस क्विंटल धान दर महिन्याला, चौऱ्याऐंशी महिने. मुद्दल तीस, व्याज साडेदहा लाख. ज्या घरात व्याजाचा हिशोब कोणी करत नाही, त्या घरात हप्त्याला 'फक्त' हा शब्द लावायची पद्धत असते. फक्त 48 हजार.

आणि घसारा? विमा कंपन्यांच्या तक्त्यात पाच वर्षांच्या गाडीची किंमत निम्मी धरतात. 36 चे 18 झाले. पाच वर्षांच्या दिवसांनी भागलं की दिवसाला जवळपास हजार रुपये. गाडी चालवा की झाकून ठेवा, पोर्चमध्ये उभ्या उभ्या ती रोज चाळीस किलोवर धान खाते. आमच्या शेजाऱ्याची जोडीही एवढं खात नाही, आणि ती निदान शेण तरी देते.

"पण मामाजी, मी सेकंडहँड घेतोय. घसारा आधीच्या मालकानं सोसला."

पोरगा हुशार आहे. फक्त त्यानं एक गोष्ट पाहिली नाही. घसारा पहिला मालक सोसतो, दुरुस्ती दुसऱ्याच्या वाट्याला येते. अवंतीतलं जे इंजिन होतं, ते बसवलेली दुसरी गाडी रेनो भारतात विकतच नव्हती. म्हणजे सुटा भाग तुमसरच्या मेकॅनिककडे सोडा, कुठल्या चौकातल्या दुकानातही सहज मिळायचा नाही. पोलादाला बळ देणारं मँगनीज आमच्याच तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणींतून निघतं. पण या गाडीचं वरचं अंग पोलादाचं नाही, कॉम्पोझिटचं. ठोकलं तर आमचा ठोकणारा कारागीर हातोडी खाली ठेवून नमस्कार करेल. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण ज्यानं केली, त्यानं नक्की कधीतरी सेकंडहँड महागडी वस्तू घेतली असणार.

शिवाय जुनी अवंती घेताना कागद दोनदा वाचावे लागतील. डिसेंबर 2020 मध्ये मुंबई पोलिसांनी छाब्रियांना अटक केली. आरोप असा की एकाच इंजिन-चॅसिस क्रमांकावर एकाहून जास्त गाड्यांची नोंदणी झाली आणि कंपनीनंच ग्राहक होऊन स्वतःच्या गाड्यांवर कर्जं उचलली. पुढं त्यांना जामीन मिळाला. आरोप खरा की खोटा, ते न्यायालय पाहील. गंमत पुढंच आहे. ज्या पोलीस अधिकारी सचिन वाझेंच्या पथकानं ही कारवाई केली, त्यांनाच मार्च 2021 मध्ये एनआयएनं दुसऱ्याच प्रकरणात अटक केली. या गाडीच्या कुंडलीत सरळ रस्ता नव्हताच.

"मग फेरारी घेऊ का?" भाच्यानं चिडून विचारलं.

घे की. फुकट मिळाली तरी परवडते का ते पाहा. सचिन तेंडुलकरनं 2002 मध्ये ब्रॅडमनच्या 29 शतकांची बरोबरी केली, तेव्हा फियाटकडून त्याला फेरारी 360 मोडेना भेट मिळाली. गाडी फुकट. आयात शुल्क मात्र 1 कोटी 13 लाख. सरकारनं माफी दिली, लोक न्यायालयात गेले, आणि शेवटी शुल्क फियाटनं भरलं. 2011 मध्ये सचिननं ती गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाला विकून टाकली. ज्याला अख्ख्या देशानं डोक्यावर घेतलं, त्यालाही भेट आलेली गाडी कर भरल्याशिवाय पचली नाही. तू तर अजून प्रोबेशनवर आहेस.

यावर कोणी म्हणेल, तुम्हाला वेगाचा राग आहे. अजिबात नाही. झाडीपट्टीच्या माणसाला वेगाचा राग असता तर शंकरपट कशाला जगला असता? सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये बैलांच्या शर्यती बंद केल्या, तेव्हा पटाच्या मैदानात गवत वाढलं. डिसेंबर 2021 मध्ये परवानगी मिळाली, 2023 मध्ये घटनापीठानंही राज्याचा कायदा मान्य केला. मधल्या काळात इथल्या लोकांनी जोड्या विकून टाकल्या का? काहींनी विकल्या. बाकीच्यांनी नुसत्या पोसल्या, पटाशिवाय, बक्षिसाशिवाय. शेजाऱ्याला मी विचारलं होतं, हा खर्च कशासाठी? बैलाच्या पाठीवर हात फिरवत तो म्हणाला, "हौस आहे जी. हौसेले हिशोब नसते."

फरक इथं आहे. त्याला ठाऊक आहे की जोडी म्हणजे खर्च. वर्षभर खुराक, मालिश, शेतातल्या कामाला जुंपायचं नाही, आणि बदल्यात वर्षातून काही क्षणांची धाव. तो त्याला हौस म्हणतो, बायकोच्या शिव्या खातो आणि खूश असतो. भाचा मात्र म्हणतो, "मामाजी, ही दुर्मीळ गाडी आहे, पुढं किंमत वाढेल. गुंतवणूक आहे." हौसेला गुंतवणूक म्हटलं की दोन्ही बिघडतात. हौसेची मजा जाते आणि गुंतवणुकीचा पैसा.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी त्याला गडावर नेलं. दुचाकीवर, ब्रेकर मोजत. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याचा सुभेदार राजा खान पठाण यानं 1700 च्या सुमारास हा गड बांधला. त्या काळची ही स्पोर्ट्स कारच म्हणायची. देखणे बुरूज, उंच जागा, दुरून पाहणाऱ्याच्या छातीत धस्स व्हावं असा थाट. पण गड बांधून भागत नाही. शिबंदी पोसावी लागते, दारूगोळा ठेवावा लागतो, दर पावसाळ्यानंतर भिंती सावराव्या लागतात. पुढं गड नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि त्याचं काय झालं? तुरुंग. आतल्या विहिरीचं साचलेलं पाणी पाजून कैदी मारत, असं जुन्या गॅझेटिअरात लिहिलंय. ज्यानं बांधला त्याचं नाव फलकावर उरलं, आणि ज्यांनी सांभाळला त्यांना तो कैदखाना म्हणूनच उपयोगी पडला. घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं आपल्याकडे म्हणतात. गड आणि गाडी पाहावी सांभाळून, हे जोडायचं राहून गेलं.

भाचा बुरुजावर बसून बराच वेळ खाली बघत होता. खालच्या रस्त्यावरून एक बैलबंडी चालली होती, निवांत. तिच्या मागं एक चकचकीत गाडी हॉर्न देत होती. बंडी काही बाजूला होईना.

"मामाजी, ही बंडी किती वेगानं जात असेल?"

"तुझ्या गाडीएवढ्याच."

तेव्हा निकाल असा. अवंतीचं रूप दहापैकी आठ, धाव कागदावर सात, आंबागडच्या रस्त्यावर दोन, आणि सांभाळायचा खर्च धानाच्या भावात मोजला तर नापास. घ्यायची असेल तर खुशाल घ्या, हौसेला मोल नसतं. फक्त पावती गुंतवणुकीच्या फायलीत लावू नका, आणि घेण्याआधी आईला विचारा, ती कुठं बसणार.