सोंग मॅक मिनीचं

सगळ्याची सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती ज्यांनी पाडली त्यांच्या काळी हॅकिंटॉश नव्हता. ॲपलची नसलेली एखादी डबी घ्यायची, तिच्यावर ॲपलची मॅकओएस चढवायची आणि तिच्याकडून ‘मी मॅकच आहे’ असं वदवून घ्यायचं, याला हॅकिंटॉश म्हणतात. हे निव्वळ पैशाचं सोंग आहे आणि ते आणता येतं. अडचण एवढीच, की आणलेलं सोंग रोज वठवावंही लागतं, आणि निवृत्त माणसाशिवाय तेवढा वेळ कुणाकडे नसतो.

मी बँकेतून निवृत्त झालो आहे.

डबी मुलीची. पुण्याला जाताना ती मागे ठेवून गेली. चार-साडेचार इंच लांब, तेवढीच रुंद, टीव्हीच्या मागे लपेल एवढी. आत आठव्या पिढीचा कोअर आय-फाइव्ह ८२५९यू. माझ्या भाच्याने तो नंबर वाचला आणि फोनवरच ओरडला, “मामा, ॲपलने २०१८च्या तेरा इंची मॅकबुक प्रोमध्ये हाच प्रोसेसर घातला होता!” म्हणजे एक भाऊ काचेच्या शोरूममध्ये राजपुत्रासारखा वाढला आणि दुसरा नाशकात टीव्हीमागे धूळ खात पडला. कुंभमेळ्यात ताटातूट झालेल्या जुळ्यांची गोष्ट आम्हा नाशिककरांना कुणी सांगायला नको. फक्त या जुळ्यांच्या हातावर गोंदण नव्हतं, त्यामुळे ओळख पटवण्याचं काम माझ्याकडे आलं.

सोंगाच्या बाबतीत मॅकओएस स्वतः तरी कुठे साधीभोळी आहे? जून २००५मध्ये स्टीव्ह जॉब्जने ॲपल इंटेलकडे जाणार असं जाहीर केलं, तेव्हाच सांगून टाकलं की गेली पाच वर्षं ही प्रणाली गुपचूप इंटेलवरही चालवून पाहिली जात होती. जगाला दाखवायला पॉवरपीसी चिपशी संसार आणि आतून हे. जानेवारी २००६मध्ये पहिले इंटेल मॅक बाजारात आले, आणि सोंगाड्यांची सोय झाली.

भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. त्याने रोज रात्री व्हिडिओ कॉलवर माझी शिकवणी घ्यायची असं ठरलं. “मामा, तू आधी बायोसमध्ये जा. सिक्युअर बूट बंद कर. फास्ट बूट बंद कर. व्हीटी-डी बंद कर.” जे जे म्हणून सुरक्षित आणि जलद होतं, ते ते बंद करून आम्ही शुभारंभ केला.

त्यानंतर पेन ड्राइव्ह. त्याच्यावर ओपनकोर नावाचा बूटलोडर. मॅकओएस जागी व्हायच्या आधी तिच्या कानात जे काही पढवायचं ते हा पढवतो. काय पढवायचं ते ‘कॉन्फिग डॉट पीलिस्ट’ या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. ही फाइल शेकडो ओळींची, आणि ओपनकोरची आवृत्ती बदलली की तिची कलमंही बदलतात. जुन्या परिपत्रकावर नवीन कर्ज मंजूर करता येत नाही हे मला नोकरीने शिकवलंच होतं, त्यामुळे या भागात मी भाच्यापेक्षा सरस ठरलो. फाइलबरोबर केक्स्ट लागतात. केक्स्ट म्हणजे मॅकओएसच्या गाभ्याला जोडायचे पूरक तुकडे: आवाजाचा एक, चित्राचा एक, नेटवर्कच्या वायरीचा एक. या सगळ्यांची म्होरकी लिलू. लिलू आधी आली नाही तर बाकीचे बहुतेक जागचे हलत नाहीत.

“मामा, लिलूला सगळ्यात वर घे. ती आधी आलीच पाहिजे,” भाचा सांगत होता.

पलीकडच्या खाटेवरून आईने विचारलं, “सिन्नरची लिलू का रे? ती जन्मात कुणाच्या आधी कुठे आली नाही.”

लिलूच्या पाठोपाठ येणाऱ्या व्हर्च्युअलएसएमसीने मात्र मला खरंच विचारात पाडलं. खऱ्या इंटेल मॅकमध्ये एसएमसी नावाची चिप असायची. पंखा, तापमान, वीज यांची व्यवस्था ती बघायची, आणि तिच्या पोटात चौसष्ट अक्षरांची एक किल्ली असायची. फाइंडर आणि डॉक यांसारखे महत्त्वाचे कार्यक्रम ॲपलने कुलूपबंद करून ठेवलेले. प्रणाली चिपकडे किल्ली मागणार, ती मिळाली तरच कुलूप निघणार. हा पहारा करणाऱ्या केक्स्टचं नावच मुळी ‘डोन्ट स्टील मॅक ओएस एक्स’. आणि ती चौसष्ट अक्षरं म्हणजे काही अगम्य आकडेमोड असेल म्हणाल, तर तसं नाही. या शब्दांनी आमचे कष्ट राखले आहेत, कृपया चोरू नका, अशा अर्थाचं ते सरळ वाक्य आहे, पुढे कंपनीचं नाव. चोराने दार उघडताना परवलीचा शब्द म्हणून ‘कृपया चोरू नका’ असं म्हणायचं! व्हर्च्युअलएसएमसी ते निमूटपणे म्हणतो आणि दार उघडतं.

ॲपलच्या परवान्यातही स्पष्ट लिहिलं आहे, की ही प्रणाली ॲपलच्याच संगणकावर चालवायची. फ्लोरिडातल्या सायस्टार कंपनीने २००८मध्ये मॅकओएस घातलेले स्वतःचे संगणक चक्क विकायला काढले, तेव्हा ॲपलने तिला कोर्टात खेचलं आणि २००९मध्ये कोर्टाने तिचा तो धंदा बंद पाडला. घरी बसून छंद करणाऱ्याच्या वाटेला ॲपल सहसा जात नाही, पण परवाना परवानाच. काही पापभीरू मंडळी यावर तोड म्हणून डबीवर ॲपलचं स्टिकर चिकटवतात. मी चिकटवलं नाही. आमच्या घरात त्याने कुणी फसलं नसतं.

पुढची पायरी केवायसी. या डबीने स्वतःला ‘मॅक मिनी, २०१८’ म्हणवून घ्यायचं तर तिला तसा अनुक्रमांक हवा. तो तयार करून देणारा एक छोटा कार्यक्रम असतो. मग तो क्रमांक ॲपलच्या तपासणी पानावर टाकून पाहायचा. तिथे ‘हा क्रमांक वैध नाही’ असं उत्तर आलं, की आनंदाने टाळी वाजवायची. वैध निघाला तर तो दुसऱ्या कुणाच्या तरी खऱ्या मॅकचा. पॅन आणि आधारच्या स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक दिसला म्हणून मी भल्याभल्यांना परत पाठवलं होतं, याची आठवण बायकोने चहा ठेवताठेवता करून दिली.

एवढं झाल्यावर डबी सुरू केली. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी सरसर वर जाऊ लागल्या. नेहमीच्या माणसाला ॲपल फक्त सफरचंद दाखवतं; सोंगाड्याने ‘व्हर्बोज’ मागितलं की पोटातलं सगळं बोलून दाखवतं. ओळी थांबल्या. शेवटची ओळ: ‘ईबी, लॉग, एक्झिटबीएस, स्टार्ट’. शेवटचा शब्द स्टार्ट, आणि पडद्यावर हालचाल शून्य. या ठिकाणी बूटलोडर आपली सूत्रं कर्नेलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, हाती देतो. दिली की नाही, घेतली की नाही, हे कुणीच सांगत नाही. टेबलावरून फाइल गेली पण साहेबांकडे पोचली नाही, हा प्रकार मला नवा नव्हता. बायोसमधली चित्रासाठी राखून ठेवायची मेमरी चौसष्ट एमबी केली, कॉन्फिगमध्ये दोनचार ‘नो’चे ‘येस’ केले आणि फाइल पुढे सरकली.

सरकली ती एका काट मारलेल्या वर्तुळापर्यंत. प्रवेश बंद. खाली तक्रार: मूळ डिस्कची अजून वाट पाहतो आहे. ती बिचारी डिस्क म्हणजे आमचा पेन ड्राइव्ह, समोरच खोचलेला, दिवा लुकलुकतो आहे, आणि याला दिसत नाही. कारण ऐकण्यासारखं आहे. मॅकओएस एका यूएसबी कंट्रोलरवर पंधराच पोर्ट मोजते. डबीला बाहेरून मोजकीच भोकं दिसतात, पण निळ्या जिभेचं प्रत्येक भोक हिशेबात दोन धरलं जातं, एक जुन्या वेगाचं आणि एक नव्या. त्यात बाहेर न दिसणारे, बोर्डवरचे पोर्ट वेगळे. रांगेत पंधरा माणसं झाली की खिडकी बंद; आमचा पेन ड्राइव्ह तिच्याबाहेर उभा.

उपाय म्हणजे नको असलेल्यांची नावं यादीतून काढणे. त्यासाठी विंडोजमध्ये परत जाऊन प्रत्येक भोकात आधी जुना पेन ड्राइव्ह घालायचा, मग नवा, आणि कुठला आकडा उजळतो ते लिहून घ्यायचं. मी टीव्हीमागे गुडघ्यावर बसून घालत होतो, काढत होतो. आई खाटेवरून आकडे मोठ्याने वाचत होती. चष्मा न लावता तिचा एकही आकडा चुकला नाही.

स्थापनेबद्दल काय सांगायचं? डिस्क युटिलिटीत ‘सगळी उपकरणं दाखवा’ हे कलम कोपऱ्यात दडवलेलं आहे, ते सापडलं की डिस्क पुसता येते, मग मॅकओएसची सोनोमा ही आवृत्ती उतरू लागते. ‘एक मिनिट शिल्लक’ असं ती म्हणते. हे मिनिट आपल्याकडच्या लग्नातल्या ‘मुलगी बोहल्यावर येतेच आहे’ या जातीचं.

वाय-फाय चालेना, कारण मॅकमध्ये ब्रॉडकॉमची कार्डं असायची आणि डबीत होतं इंटेलचं. त्याचाही केक्स्ट स्वयंसेवकांनी फुकट लिहून ठेवला आहे. या लोकांचे पाय धुवून पाणी प्यावं. खरी परीक्षा आवाजाने घेतली. प्रत्येक ध्वनिचिपसाठी मांडणीचे अनेक क्रमांक असतात. एक क्रमांक लिहायचा, डबी बंद-चालू करायची, कान देऊन ऐकायचं. शांतता. पुढचा क्रमांक. शांतता. आवाजाची पट्टी प्रत्येक वेळी थोडी आणखी वर सरकवून ठेवायची माझी पद्धत पडली होती. त्यामुळे योग्य क्रमांक लागला तेव्हा रात्री पावणेदोन वाजता आमच्या सोसायटीत सनई सुरू झाली. खालच्या मजल्यावरचे काका बनियनवर वर आले आणि त्यांनी, “कुणाचं ठरलं?” असं विचारलं.

‘अबाउट धिस मॅक’ उघडून मी त्यांना पडदा दाखवला: मॅक मिनी, २०१८. ते पाहून म्हणाले, “बरं,” आणि झोपायला गेले.

एव्हाना अस्सल मॅकनेच इंटेल सोडलं होतं. नोव्हेंबर २०२०मध्ये ॲपलने स्वतःची एमवन चिप आणली, आणि २०२५ची टाहो ही इंटेलवर चालणारी शेवटची आवृत्ती. तीही २०१८च्या खऱ्या मॅक मिनीला मिळालेली नाही. सोंग आणि सोंगाचा धनी एकाच दिवशी निवृत्त झाले.

गेल्या महिन्यात आमच्या बँकेतले एक जुने सहकारी आले. हे २०१५च्या मॅकबुक प्रोचे अस्सल मालक, पावतीसकट. माझ्या डबीचा उल्लेख ते ‘तो तुमचा उद्योग’ असा करत. ॲपलने त्यांच्या लॅपटॉपला २०२१च्या माँटरेनंतर काही दिलेलं नाही. पण ओपनकोर लेगसी पॅचर नावाची सोय आहे, तिने जुन्या खऱ्या मॅकवरही पुढच्या आवृत्त्या चढवता येतात. मॅकला मॅकओएस चालवण्यासाठी आता आमचाच बूटलोडर लागतो.

“तुम्हाला ते येतं म्हणे,” त्यांनी लॅपटॉप कापडी पिशवीतून काढून हळूच टीपॉयवर ठेवला.

“पेन ड्राइव्ह आणलाय का? सोळाचा लागेल,” मी म्हणालो.

बायको चहा घेऊन आली. तिने लॅपटॉपकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, आणि मला विचारलं, “अहो, यांचाही आवाज गेलाय का?”