पलीकडं जाचं, का नुसतं बसाचं?

महाराष्ट्रात शहापूरं बरीच आहेत. त्यांतलं ठाणे जिल्ह्यातलं मानाचं. भातसा आणि तानसाचं पाणी मुंबईला पाजून ते पेपरात नाव छापून घेतं. आमचं शहापूर भंडारा जिल्ह्यातलं, नागपूर-भंडारा हायवेवरचं. आमच्याकडं पाण्याचा व्यवहार उलटा. नागपूरकरांच्या आंघोळी झाल्या की ते पाणी नाग नदी कन्हानच्या हवाली करते आणि कन्हान ते अंभोऱ्याला नेऊन वैनगंगेच्या ओटीत घालते. कन्हान आणि वैनगंगेच्या बेचक्यात आम्ही राहतो. तरीही गावातल्या पोरांना डोंग्यात बसलास का विचारलं, तर ती मोबाइलमधला गोव्याचा फोटो दाखवतात.

आमचे भाऊजी ठाण्याचे. त्यांना भंडाऱ्याला यायचं होतं, म्हणून रेल्वेनं त्यांना भंडारा रोडला उतरवलं, म्हणजे वरठीला. स्टेशनच्या नावात ‘रोड’ असला की पुढचं रोडनं आपलं आपण बघायचं, हा रेल्वेचा जुना करार आहे. धूळ खात शहापूरला पोचल्या पोचल्या त्यांनी जाहीर केलं, “मला तुमची फेरीबोट बघायचीय. आमच्या खाडीत आता सगळं इंजिनावर चालतं.”

निघालो मोटरसायकलनं. भंडारा ओलांडलं की कारध्याला वैनगंगा आडवी येते. तिथं दोन पूल. नवा पूल रहदारीसाठी, आणि जुना, ब्रिटिशकालीन, बहुधा बातम्यांसाठी असावा. पावसाळ्यात कारध्याला पाणी 245.50 मीटरला टेकलं की धोक्याची पातळी, मग जुना पूल पाण्याखाली, आणि अख्खा जिल्हा तो बुडालेला पूल बघायला नदीवर. भाऊजींनी विचारलं, “पूल दिसत नाही, तर बघतात काय?” मी म्हटलं, “कुठपर्यंत दिसत नाही, ते बघतात.”

पुढं गाठलं अंभोरा. इथं वैनगंगा, कन्हान, आम, मुर्झा आणि कोलारी अशा पाच नद्या एकत्र येतात. टेकडीवर चैतन्येश्वराचं देऊळ. मुकुंदराजांनी शके 1110 मध्ये, म्हणजे इसवी सन 1188 ला, ‘विवेकसिंधु’ इथंच लिहिला असं अंभोरेकर सांगतात. तितक्याच ठामपणे अंबाजोगाईकर सांगतात की आमच्याकडं, आणि पुरावा म्हणून समाधी दाखवतात. मला दोन्ही गावांत जेवायला जायचं असतं, म्हणून मी या वादात पडत नाही. मात्र नदीपलीकडचा कुणी शिष्य शिकायला येत असेल, तर तो डोंग्यानंच येत असणार, यावर दोन्ही पक्षांचं एकमत व्हायला हरकत नसावी.

गोऱ्या साहेबाला डोंगा फार गंभीर वस्तू वाटायचा. मुंबई इलाख्यातल्या नावांसाठी त्यानं 1868 ला कायदा केला. भंडारा पडलं मध्य प्रांतात, म्हणून आमच्या घाटांना लागला उत्तर हिंदुस्थानासाठी केलेला 1878 चा कायदा. नदी वाहणार दक्षिणेला, कायदा उत्तरेचा. सरकारी घाटाच्या दोन मैलांच्या आत परवानगीशिवाय दुसऱ्यानं नाव चालवायची नाही. घाटाचा लिलाव व्हायचा, आणि ठेकेदारानं उतराईचं दरपत्रक लोकांच्या भाषेत, वाचता येईल अशा अक्षरात घाटावर लावायचं. वाचता येणारे लोक कुठून आणायचे, ते कलम राहून गेलं. त्याहून बहारीची म्हणजे व्याख्या. नावांचा पूल, तराफ्यांचा पूल, तात्पुरता पूल, एवढंच काय, घाटाकडं जाणारी वाटसुद्धा कायद्याच्या लेखी ‘फेरी’च. म्हणजे उन्हाळ्यात नदी आटावी, डोंगा रेतीत बसावा, ठेकेदारानं रपटा टाकावा, आणि आपण कोरड्या पायानं पलीकडं चालत जावं. तरी त्या कायद्यानं आपण नावेतच असायचो आणि पैसे द्यावे लागायचे.

अंभोऱ्याच्या घाटावर एक म्हातारे नावाडी डोंग्याच्या बुडाला डांबर फासत बसले होते. पाठीवर ऊन, शेजारी चुलीवर डांबराचा डबा, हातात काठीला गुंडाळलेलं फडकं. फळ्यांच्या सांधीत आधी चिंध्या ठोसायच्या, वरून गरम डांबर. त्यांनी मान वर न करता विचारलं,

“पलीकडं जाचं हाये, का नुसतं बसाचं हाये?”

भाऊजी गोंधळले. ठाण्यात हा प्रश्न कुणी विचारत नाही.

नावाडीमामांनी खुलासा केला. त्यांच्या आज्याचा डोंगा एका झाडाचा, बुंधा कोरलेला. बापाचा फळ्यांचा. बापाच्या वेळेला नेहमीचे गावकरी पैसे द्यायचे नाहीत; धान निघालं की घरटी पायली-दोन पायल्या खळ्यावरून आणायचे. परक्या माणसाकडून रोख. नवरदेवाकडून नारळ वेगळा. पुढं मोटरसायकली आल्या. फळी टाकून गाडी चढवायची, आडवी धरायची, आणि मालकानं हँडल सोडायचं नाही. “माणसाचे पैसे एक, गाडीचे दुसरे. बकरीवाला भांडे. म्हने बकरी मांडीवर बसली, तं तिचं तिकीट कायले?”

“मग हे वल्हवणं अवघड असेल ना?” भाऊजींनी विचारलं.

मामांना हा प्रश्न आवडला. त्यांनी फडकं ठेवलं. पूर्वी नदीला धार होती, म्हणाले. समोरच्या घाटावर उतरायचं तर समोर जायचंच नाही. डोंगा आधी काठाकाठानं वर ओढत न्यायचा, बांबू रोवत, लव्हाळ्यातून. बराच वर गेलं की तोंड फिरवून धारेत सोडायचा. मग तो तिरपा वाहत येतो आणि वल्हं नुसतं रोख धरायला. वर किती न्यायचा, ते रोजच्या पाण्यावर. थोडं कमी ओढलं तर वरात भलत्याच गावाला लागणार. बोटानं रेतीत रेघा काढून त्यांनी हे सगळं दाखवलं. मला शाळेत सदिश राशी तीन मास्तरांनी शिकवल्या होत्या. कळल्या त्या दिवशी.

मग गोसेखुर्द धरण झालं. 22 एप्रिल 1988 ला राजीव गांधींनी पायाभरणी केली तेव्हा खर्च 372 कोटी धरला होता. पुढं तो काही हजार कोटींवर गेला. आमच्या खोऱ्यात पाण्याच्या आधी अंदाजपत्रकच चढलं. गावं उठली, शेतं गेली, ते विनोदात सांगण्यासारखं नाही. डोंग्यापुरतं बोलायचं तर धार गेली. वर ओढायचं काम संपलं, अंतर मात्र वाढलं, आणि नागपूरहून आलेल्या पाण्यावर जलपर्णी अशी माजली की वल्हं पाण्यात घालावं तर बाहेर भाजीची जुडी येते.

आणि 2024 च्या जानेवारीत पूल झाला. सुमारे 700 मीटर लांब, तारांनी तोललेला, उंचावर नदी बघायला गॅलरी. ज्या पुलाची वाट दोन पिढ्यांनी पाहिली, तो आला तेव्हा लोक त्यावरून पलीकडं गेले, आणि मग खाली वाकून म्हणाले, अरे, डोंगा! तेव्हापासून धंदा बदलला. आधी लोक पलीकडं पोचवायचे पैसे देत. आता बसले तिथंच परत आणून सोडायचे देतात.

“मग आधीपेक्षा बरं आहे की!” भाऊजी म्हणाले.

“हव जी. पन हे लोक उभे राहून फोटो काढतेत. बकरी बसून राहे.”

भाऊजींना आता चेवच आला. आपण खरे प्रवासी, आपण पलीकडं उतरणार. “उतरून करता काय तिकडं?” मामांनी विचारलं. “पूल हाये न.” पण ऐकतील ते भाऊजी कसले! एकेरी फेरी म्हणून निम्मे पैसे, असा मुद्दाही त्यांनी काढला. मामांनी शर्टाच्या खिशातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला क्यूआर कोड काढून समोर धरला. त्यावर मुद्द्यांना जागा नव्हती.

पलीकडच्या काठाला भाऊजी उतरले, म्हणजे एक पाय उतरला. दुसरा चिखलात राहिला, चप्पल त्याहून खाली. ती उपसून त्यांनी विजयी मुद्रेनं हात हलवला. आम्ही परत फिरलो आणि अर्ध्यावर जलपर्णीत असे अडकलो की मामा एका अंगानं बांबू रेटत होते, आणि मी दुसऱ्या अंगानं दोन्ही हातांनी पाला उपटत होतो. कितीतरी वेळानं घाटाला लागलो, तर भाऊजी टपरीवर बसून दुसऱ्या चहाची ऑर्डर देत होते. पुलावरून कुणीतरी त्यांना मोटरसायकलवर बसवून आणलं होतं.

मामांनी डोंगा खुंटीला बांधला, भाऊजींकडं पाहिलं आणि माझ्याकडं वळून म्हणाले, “म्हून तं बांधला जी पूल.”