टाचेला युरिया, बैलाला तूप

मागच्या आठवड्यात एका पुरवणीत ‘घरच्या घरी मऊ पाय’ आले होते. टबात कोमट पाणी घ्या, त्यात कपभर दूध, चमचाभर मध आणि गुलाबाच्या पाकळ्या टाका, पाय अर्धा तास बुडवा, आवडतं संगीत ऐका. आता आमच्या नायगावात टब रिकामा कुणाचा असतो? त्यात पुढचा नळ येईपर्यंत पुरवायचं वापराचं पाणी असतं. दूध सकाळीच डेअरीला गेलेलं. राहिलं संगीत, ते मंगल कार्यालयाच्या भोंग्यातून फुकट येतं, नको म्हटलं तरी.

मावशीला वाचून दाखवलं. ती खुरपणीहून नुकतीच आली होती. म्हणाली, “दुधात पाय? काय वाचायलास रे, लेकरा?” आणि पाय पदराखाली ओढून घेतले.

तिच्या उजव्या टाचेला एक भेग आहे. चार आण्याचं नाणं उभं राहील एवढी. तिच्यात काळी माती अशी बसलीय की दगडानं घासली तरी रेघ जात नाही. रात्री वाकळेचे दोरे त्या भेगेत अडकतात, म्हणून मावशी थंडीतही पाय बाहेर काढून झोपते. आपल्या भाषेत पायाला मान केवढा! पायधूळ झाडा म्हणतो, चरणी माथा ठेवतो. पण वाकून नमस्कार करणाऱ्याचा हात अंगठ्यापर्यंतच जातो. टाच मागच्या बाजूला असते, तिथं कुणी पाहत नाही.

एकदाच पाहिलं. मार्च 2018 मध्ये शेतकरी नाशिकहून चालत निघाले. 6 तारखेला निघाले, 12 ला मुंबईच्या आझाद मैदानात पोचले, सुमारे 180 किलोमीटर. दहावीच्या पोरांचा पेपर चुकू नये म्हणून शेवटचा टप्पा रात्रीच चालले. फोड आलेल्या, सोललेल्या तळपायांचे फोटो छापून आले, मुंबईकरांनी चपला आणि मलमं आणून दिली. आठवडाभर राज्याला टाचा होत्या. मग पुन्हा गेल्या.

पूर्वीचे लोक टाचेला विसरत नव्हते. घरोघरी न्हाणीत वज्री असायची, पाय घासायची. गरिबाची भाजलेल्या मातीची, ऐपतवाल्याची धातूची. तिच्यावर मोर, पोपट, घोडे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशा वज्र्या मांडून ठेवल्या आहेत. म्हणजे टाच घासायचं साधन काचेच्या कपाटात, आणि टाचा बांधावर.

दुसरा इलाज बिब्याचा. भेगेत तापवलेला बिबा भरायचा. भेग मिटायची, नाहीतर पाय सुजून टम्म व्हायचा. चांगल्या कामात बिब्बा घालणं हा वाक्प्रचार उगीच नाही आला. तेवढा एक इलाज विसरलेला बरा.

आता आठवडी बाजारात नवाच तंबू लागलाय. काशाच्या थाळीचं यंत्र. पाय ठेवायचा, तेल ओतायचं, थाळी गरगर फिरते, दहा मिनिटांत तळवा काळाकुट्ट. “बघा, अंगातली उष्णता बाहेर पडली!” असं तिथला पोरगा छातीठोक सांगतो. जितका पाय काळा, तितका गिऱ्हाईक खूश. मी मावशीला बसवलं. पोरगा ओरडला, “मावशी, किती उष्णता हो तुमच्यात!” मावशी थाळीकडं बघत म्हणाली, “बाबा, ही उष्णता तुझ्या थाळीची हाय. माझा पितळेचा तांब्या तेल लावून घासला की असंच निघतंय.”

शास्त्र मावशीच्या बाजूनं आहे. काशात तांबं आणि कथील असतं. तेल आणि घाम लागून धातू घासला की काळपट रंग सुटणारच. थाळीवर तेलाची चिंधी फिरवून बघा, तीही काळी होते. चिंधीला कुठली आली उष्णता? तूप लावून काशाच्या वाटीनं तळवे चोळले की बरं वाटतं, झोप लागते, हे खरं. आजी तेवढंच सांगायची. काळ्या रंगाचं बिल तंबूवाल्यानं लावलं.

तळव्याच्या कातडीत तेलाच्या ग्रंथीच नसतात, सगळी मेख इथं आहे. चेहऱ्याला आपोआप मिळतं ते टाचेला वरून द्यावं लागतं. रात्री दहा मिनिटं कोमट पाण्यात पाय ठेवा, टब नको, घमेलं चालतं. दगडानं हलकं घासा, पुसा, आणि ओल आहे तोवर खोबरेल नाहीतर व्हॅसलीन चोपडून मोजे घाला. ब्लेड लावू नका. बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या असतील तर तिथं तेल नको, कोरडं ठेवा. शुगर असेल त्यांनी पाय भिजवत बसू नये आणि घासूही नये. पायाला बधिरता येते, पोळलेलं कळत नाही, लागलेलं कळत नाही. रोज तळवे बघायचे आणि भेग दिसली की डॉक्टर गाठायचा.

आणि एक गंमत. मेडिकलवाला भेगांसाठी जे मलम देतो त्यात बहुधा युरिया असतो, शेकडा दहा ते पंचवीस. तो पाणी धरून ठेवतो, जाड कातडं मऊ करतो. इकडं 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळावी म्हणून अख्खी सकाळ रांगेत काढणारा गडी हे ऐकून माझ्याकडं बघतच राहिला. युरिया आयुष्यभर पिकाला टाकला, बायकोच्या टाचेला कधी मिळाला नाही. (गोणीतला उचलून फासू नका. आपल्याकडं असे प्रयोग करणारे निघतात.)

मावशीला मलमाची नळी आणून दिली. तिनं ती देवळीत ठेवली, म्हणाली, “पोळा झाल्यावर लावते. आता कुठला वेळ?”

पोळा जवळ आला आहे. आदल्या दिवशी खांदमळण होईल, बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळली जाईल, आणि ती चोळलीच पाहिजे, वर्षभर जू ओढतो तो. फक्त मंडळी, यंदा वाटी विसळू नका. तळाशी थोडं तूप राहिलं असेल. तसंच आत घेऊन जा.