बोदवडच्या माणसाला हॉलंड दाखवू नये

माझं माहेर पांझरेच्या काठचं, सासर बोदवडचं आणि यांच्या नोकरीपायी सध्याचा मुक्काम आइंडहोव्हनला. यांच्या लहानपणी बोदवडला नळ पंधरा-पंधरा दिवसांनी यायचे. ‘नळ आले!’ अशी आरोळी उठली की माणसं भरल्या ताटावरून उठत. धाकट्या आत्यांच्या साखरपुड्यात तर म्हणे भटजींनीही एक बादली भरली होती. ड्रम संपले की हंडे, हंडे संपले की पातेली, शेवटी वाट्या.

इथे चोवीस तास पाणी. तरी रात्री दोन बादल्या भरून ठेवल्याशिवाय यांना झोप येत नाही. सकाळी ते ‘शिळं’ पाणी कुंड्यांना. दोन कुंड्यांतली कोथिंबीर त्यात केव्हाच बुडून मेली.

अशा माणसाला सुट्टीच्या दिवशी हॉलंड दाखवायचं काम माझ्याकडे. सकाळी निघायचं, रात्री परत, डबा घरचा. सुरुवात बरी झाली. कॉकेनहॉफच्या बागेत सत्तर लाख कंद लावतात असं मी वाचून दाखवलं, तर ट्युलिपकडे न बघता हे खाली वाकले आणि म्हणाले, “ठिबक दिसत नाही कुठे.” जळगाव जिल्ह्यातला माणूस, दुसरं काय विचारणार! मग एकदा इथलं सगळ्यात उंच ठिकाण म्हणून फाल्सरबर्ग गाठला. उंची ३२२ मीटर. आमच्या सातपुड्यातला अस्तंभा १३२५ मीटर, त्यामुळे आम्ही चढलो कधी आणि उतरलो कधी हेच कळलं नाही.

खरा घोटाळा किंडरडाइकला झाला. तिथे ओळीनं एकोणीस पवनचक्क्या आहेत, बहुतेक १७४० च्या सुमाराच्या. मला वाटलं होतं, पीठ दळत असतील. आत गेलो तर कळलं, त्या पाणी उपसायच्या. शेतं नदीहून खाली, म्हणून वाऱ्यावर मोठं चाक फिरवायचं, खालचं पाणी वरच्या कालव्यात चढवायचं, तिथून नदीत आणि नदीतून समुद्रात.

“समुद्रात?” हे थांबले. “म्हणजे फेकतात?”

“फेकत नाहीत हो, उपसतात.”

“गोडं पाणी?”

पुढे बोलणं झालं नाही. काठावर बसून डबा उघडला. कळण्याची भाकरी, ठेचा आणि सासूबाईंनी पाठवलेले बिबडे. वारा असा की यांच्या हातातला बिबडा उडाला आणि थेट कालव्यात. एक बदक आलं, त्यानं चोच मारून पाहिली आणि तो तसाच सोडून गेलं. यांनी बदकाकडे पाहिलं, कालव्याकडे पाहिलं, पण दुःख नक्की कशाचं करावं हे काही ठरेना.

त्यातच पुढच्या आठवड्यात कराचं पाकीट आलं. इथे पाण्याच्या बंदोबस्तासाठी वेगळी मंडळं असतात, वॉटरस्खाप म्हणतात त्यांना. मूळ तेराव्या शतकातलं. त्यांची निवडणूक वेगळी, कर वेगळा. “पाणी बाहेर काढायचे पैसे आपण भरायचे?” यांचा आवाज चढला. मला मात्र आमच्या पांझरेवरची फडपद्धत आठवली. बंधाऱ्यावरून पाट, पाटाखाली फड, एका फडात सगळ्यांचं पीक एकच, आणि पाणी सोडायला पाटकरी. आजोबा पहाटे उठून त्याच्याशी भांडायला जायचे. सातशे वर्षांत इथल्या लोकांनीही भांडणंच केली असणार, फक्त उलटी: आमच्या शेतातलं आधी काढा!

त्यात कुणीतरी सांगितलं की आपलं विमान जिथे उतरलं तो स्खिपोलचा विमानतळ म्हणजे पूर्वीचं तळं, १८५२ साली उपसून कोरडं केलेलं. हे दोन दिवस अबोल होते.

म्हणून मेच्या जोडसुट्टीत मुद्दाम आफस्लाउटडाइकला नेलं. १९३२ साली समुद्रात घातलेला बत्तीस किलोमीटरचा बांध. डावीकडे खारा समुद्र, उजवीकडे तोच समुद्र अडवून, नद्यांच्या पाण्यानं गोडं झालेलं तळं. इथे तरी पाणी ठेवून घेतलंय ना! बांधावरच्या मनोऱ्यापाशी गाडी लावली, वर चढलो. हे बराच वेळ उजवीकडेच बघत राहिले. मग खिशातून फोन काढला आणि बोदवडला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे भर दुपार, सासूबाई पंख्याखाली.

“आई, हे बघ. नजर पोचते तिथवर पाणी!”

सासूबाईंनी चष्मा वर सरकवून फोन जवळ घेतला. “गोड हाये का रे पानी?”

“गोडं! सगळं गोडं!”

तिकडे बाहेर काहीतरी गलका झाला, बादली आपटल्याचा आवाज आला.

“ठेव बरं,” त्या म्हणाल्या, “नळ आले.”